दुधावरच्या करडांना खुराक लावला की ढाळ का लागतात?

तक्रार बहुतेक ठिकाणी सारखीच असते. करडं तीन-चार आठवड्यांची झाली, खुराक (भरडलेलं धान्य आणि पेंडीचं मिश्रण) सुरू केला आणि आठवडाभरात ढाळ लागले. दोन-तीन करडं पातळ हगू लागली, एखादं चांगलं गुबगुबीत करडू सकाळी मरून पडलेलं सापडलं. मग खुराक बंद होतो, उरलेली करडं सावरतात आणि पुढच्या वेताला पुन्हा तेच घडतं. शेवटी ‘आमच्या शेळ्यांच्या करडांना खुराक सोसत नाही’ असा समज पक्का होतो. उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी, कोकण कन्याळ, यांतल्या कुठल्याही जातीच्या करडांना खुराक सोसतो. चुकते ती देण्याची रीत. आणि बऱ्याचदा खुराकाचा दोषही नसतो, फक्त वेळ जुळून आलेली असते.

म्हणून औषध आणण्याआधी किंवा पेंडीचं पोतं बदलण्याआधी एक गोष्ट नीट बघा: कळपातली नेमकी कोणती करडं पडतात? उत्तराचा निम्मा भाग त्यातच असतो.

सगळ्यात जोमदार करडू अचानक मेलं

आदल्या संध्याकाळी खाऊनपिऊन उड्या मारणारं, जुळ्यांतलं मोठं किंवा एकुलतं एक करडू सकाळी मेलेलं दिसतं. कधी मरण्याआधी ओरडतं, पोट दुखल्यासारखं उठबस करतं, पाय झाडतं, मान मागे टाकतं, पाण्यासारखे किंवा रक्ताळलेले ढाळ होतात. अशा वेळी पहिला संशय आंत्रविषाराचा घ्यायचा. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स डी हा जंतू निरोगी करडाच्या आतड्यातही थोड्या प्रमाणात असतोच. करडानं एका बैठकीत भरमसाट धान्य किंवा दूध घेतलं की न पचलेलं स्टार्च आणि साखर आतड्यात उतरते, त्यावर जंतू झपाट्यानं वाढतो आणि विष सोडतो. जास्त खाणारं करडू बळी पडतं ते यामुळेच. हे करडू अशक्त होतं म्हणून गेलं, असं समजून खुराक वाढवणारेही असतात, त्यांचं दुसरं करडूही जातं.

लक्षणं दिसल्यावर उपचाराला फार कमी वेळ मिळतो, त्यामुळे भिस्त लसीवर ठेवावी लागते. गाभण शेळीला विण्याच्या साधारण महिनाभर आधी आंत्रविषाराची लस टोचली तर चिकातून करडाला पहिल्या काही आठवड्यांचं संरक्षण मिळतं. अर्थात करडानं चीक वेळेत प्यायला हवा: जन्मल्यावर तासाभरात पहिला घोट आणि पहिल्या दिवसात वजनाच्या एक दशांश चीक, म्हणजे सव्वादोन किलोच्या करडाला सव्वादोनशे मिलिलिटरच्या आसपास. करडाला स्वतःची लस तीन महिन्यांच्या सुमारास आणि १५ दिवसांनी बूस्टर, असं वेळापत्रक आपल्याकडे सर्रास चालतं. आईला लस नसेल तर करडांची लवकर सुरू करावी लागते, ते पशुवैद्यकाला विचारून ठरवा. बूस्टर चुकवलेली लस म्हणजे अर्धवट काम. लस २ ते ८ अंश तापमानातच आणा आणि गोठू देऊ नका.

मेलेलं करडू लगेच पुरू नका. ताज्या अवस्थेत पशुवैद्यकीय दवाखान्यात शवविच्छेदनाला न्या. उन्हाळ्यात चार-सहा तासांत शरीर कुजतं आणि मग कुणालाच काही सांगता येत नाही. एका करडाचं निदान झालं तर पुढची दहा वाचतात.

खुराक टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी एकदम पाच-सहा करडं पातळ हगतात

ढाळ पिवळट-करडे, आंबूस वासाचे, कधी त्यात मक्याचे न पचलेले तुकडे. करडं सुस्त, पोट डबडबलेलं, दूध प्यायला नको. ही आम्लता, म्हणजे पोटात धान्य आंबून झालेला बिघाड. मागे जाऊन बघितलं तर जवळजवळ दर वेळी एकच गोष्ट आढळते: गव्हाण आधी रिकामी होती. खुराक संपला, बाजारातून आणायला दोन दिवस उशीर झाला, आणि तिसऱ्या दिवशी भुकेल्या करडांपुढे गव्हाण काठोकाठ भरली. किंवा रोज सकाळी ९ ला मिळणारा खुराक एखाद्या दिवशी दुपारी २ ला मिळाला. धान्याच्या प्रमाणाइतकंच नुकसान या खंडामुळे होतं. करडाच्या कोठीपोटातले (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटातले) जंतू रोजच्या खाण्याला सरावतात, दोन दिवस धान्य बंद झालं की ती सवय मोडते, आणि त्यावर एकदम पूर्वीचं पूर्ण माप आलं की आम्ल वाढतं.

पहिल्या दिवशी धान्य पूर्ण काढा. तुरीचा किंवा हरभऱ्याचा भुसा, वाळलेला दशरथ घास, आणि स्वच्छ पाणी समोर ठेवा. ५ किलोच्या करडाला ५ ग्रॅम खाण्याचा सोडा, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, ५० ते १०० मिलिलिटर कोमट पाण्यात विरघळवून तोंडाच्या कडेनं हळूहळू पाजा. मान आडवी ठेवा. तोंड वर करून ओतलं की पाणी फुप्फुसात जातं आणि ढाळाऐवजी न्यूमोनियानं करडू जातं. आडवं पडलेल्या, गिळता न येणाऱ्या करडाला काहीही पाजू नका, त्याला सलाइन लागतं. ओआरएसचं पाणी दिवसभरात करडाच्या वजनाच्या एक दशांशापर्यंत, चार-पाच वेळांत विभागून द्या. सोडा किंवा ओआरएस आणि आईचं दूध यांत किमान अर्ध्या तासाचं अंतर हवं, नाहीतर पोटात दूध नीट गोठत नाही. आईचं दूध मात्र तोडायचं नाही, थोडं थोडं पिऊ द्या. खुराक परत सुरू करताना आधीच्या मापाच्या पावपटीपासून सुरुवात करा.

लहान, मागे पडलेली करडं आठवडाभर ढाळतात

शेपटी माखलेली, केस उभे, वजन घटत चाललेलं, लेंडी बांधली जात नाही, कधी शेंबूड किंवा रक्ताची रेघ. हे बहुधा कॉक्सिडिओसिस, म्हणजे आतड्यातल्या सूक्ष्म परजीवी जंतूंचा आजार, आणि खुराकावर खोटा आळ येतो तो इथे. जंतू पोटात गेल्यापासून ढाळ लागेपर्यंत साधारण दोन-तीन आठवडे जातात. करडू पहिल्या आठवड्यात ओल्या जमिनीवर तोंड लावायला लागतं, म्हणजे आजार दिसतो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, नेमका खुराक सुरू होतो तेव्हा. खुराक बंद केल्यावर बरं वाटतं, कारण करडांचं गव्हाणीत उभं राहून लेंड्या टाकणं आणि तेच खाणं थांबतं.

ओळखायची खात्रीची पद्धत एकच: ताज्या लेंडीचा नमुना दवाखान्यात तपासून घ्या. निदानाशिवाय ॲम्प्रोलियम हे कॉक्सिडिओसिसवरचं औषध दर महिन्याला पाजत बसू नका. ते जीवनसत्त्व बी-१ चं काम अडवतं, मात्रा आणि दिवस लांबले तर करडू आंधळ्यासारखं मान वर करून फिरायला लागतं. औषधाइतकाच उपाय जमिनीचा आहे. लेंडीतून पडलेला जंतू लगेच बाधा करू शकत नाही, उबदार ओलाव्यात तयार व्हायला त्याला दोन-तीन दिवस लागतात. त्यामुळे करडांच्या कप्प्यातली, म्हणजे फक्त करडांना खुराक खायला आखून दिलेल्या जागेतली, जमीन रोज झाडली आणि कोरडी ठेवली तर साखळी तुटते. फिनेल टाकून हे जंतू मरत नाहीत. ऊन, कोरडेपणा आणि उकळतं पाणी यांनी फरक पडतो.

लेंडीत भाताच्या शितासारखे पांढरे तुकडे दिसले तर पट्टकृमी. त्याचं औषध वेगळं, पुन्हा नमुना दाखवूनच.

खुराक रोज संपतो, करडं मात्र वाढत नाहीत

खाणारं दुसरंच कुणी आहे. शेळ्या दिवसभर चरायला जातात तिथे करडं घरी एकटी असतात, म्हणून कप्प्याच्या दाराकडे लक्ष दिलं जात नाही. पण संध्याकाळी शेळ्या परतल्या की थेट गव्हाणीत तोंड घालतात, आणि पावसाची झड लागली की चार-चार दिवस त्या घरीच असतात.

करडांना जाता येईल आणि शेळीला येणार नाही अशी फट ठेवायची: उभ्या पट्ट्यांमधलं अंतर पहिल्या महिन्यात ५ इंच, पुढे दूध तोडेपर्यंत ६ इंच. बांबूच्या कामट्या, जीआय पाइप, लाकडी फळ्या काहीही चालेल, फक्त कडा गोल घासलेल्या हव्यात. पट्ट्या वरून आडव्या बांधून बंद करण्यापेक्षा वर मोकळ्या ठेवलेल्या बऱ्या, शिंगं फुटलेलं करडू अडकलं तर मान वर काढून सुटतं. पहिलटकरीण बारीक शेळी सहा इंचांतूनही घुसते. तिच्यासाठी १५ ते १८ इंच उंचीवर एक आडवा, वरखाली करता येणारा दांडा बसवा. करडू वाकून जातं, शेळी अडते. दाराशी अर्धा तास उभं राहून बघितल्याशिवाय मोजमाप बरोबर आहे असं धरू नका.

कप्पा करडामागे दीड ते दोन चौरस फूट पुरतो. गव्हाणीसाठी ६ इंची पीव्हीसी पाइप लांबीत उभा चिरून अर्धा करा. दोन्ही बाजूंनी खाता येत असेल तर २० करडांना ५ फूट लांबी लागते, म्हणजे सगळी एकाच वेळी तोंड घालू शकतात. हे महत्त्वाचं आहे: जागा कमी पडली की दांडगी करडं दुप्पट खातात आणि आंत्रविषाराला तीच बळी पडतात, दुबळी उपाशी राहतात. काठ जमिनीपासून ६ इंचांवर ठेवून करडांबरोबर १० इंचांपर्यंत वाढवत न्या. पाइपच्या वर ५-६ इंचांवर सैल फिरणारा बांबू लावला की करडांना गव्हाणीत चढून उभं राहता येत नाही. एवढ्या एका बांबूनं कॉक्सिडिओसिसचा निम्मा त्रास कमी होतो.

करडं तोंडच लावत नाहीत

याचा बाऊ करू नका, कारणं साधी असतात. कप्पा गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात असेल तर करडं जात नाहीत. शेळ्या जिथे बसतात त्याच्या शेजारी, उजेडात, कोरड्या जागी हलवा. खुराक पिठासारखा बारीक दळलेला असेल तर नाकात जातो, ओला होऊन चिकटतो आणि आंबतो. गिरणीत मका भरडून घ्या, दाण्याचे चार-पाच तुकडे दिसले पाहिजेत. पाणी कप्प्याच्या आतच हवं, पाण्याशिवाय कोरडा खुराक जात नाही. आणि कालचा उष्टा, लाळेचा वास लागलेला खुराक करडू हुंगून सोडतं. रोज सकाळी उरलेला काढून शेळ्यांना टाका, बुरशी नसेल तर.

सुरुवातीला मूठभरच ठेवा, वर शेवरीचा किंवा हादग्याचा कोवळा पाला टांगा, आणि खाणारं एखादं मोठं करडू आत सोडा. बाकीची बघून शिकतात. चांगलं दूध देणाऱ्या शेळीचं एकटं करडू पाच आठवड्यांपर्यंत खुराकाला विचारतही नाही. ते वाढत असेल तर बळजबरीची गरज नाही.

मिश्रण

१०० किलोचं साधं मिश्रण असं: मका भरडा ५० किलो, सोयाबीनची तेल काढलेली पेंड १५, शेंगदाणा पेंड १२, गव्हाचा कोंडा १०, तूर चुनी ६, मळी किंवा गूळ ३, चुनखडीची पशुखाद्याच्या दर्जाची भुकटी २, खनिज मिश्रण १, मीठ १. यात प्रथिनं साधारण १८ ते १९ टक्के बसतात. गूळ पाण्यात पातळ करून शेवटी फिरवला की धूळ बसते, पण गूळ फिरवलेलं तेवढं मिश्रण त्या आठवड्यातच संपवा.

आता यात काय घालायचं नाही. सरकी पेंड विदर्भ-मराठवाड्यात घरोघरी असते, दुधाळ जनावरांना ती चांगली, पण तिच्यातलं गॉसिपॉल लहान करडाला बाधतं. कोठीपोट पूर्ण तयार नसल्यामुळे ते विष निष्प्रभ होत नाही, हृदय आणि यकृतावर परिणाम होतो. दूध तुटून चांगली रवंथ लागेपर्यंत सरकी पेंड दूर ठेवा. गाई-म्हशींच्या तयार पशुखाद्यात युरिया असू शकतो, ते करडांच्या गव्हाणीत टाकू नका. कच्चं सोयाबीन भरडून घालणं हीही चूक, त्यातला घटक प्रथिनांचं पचन अडवतो. भाजलेलं किंवा पेंडच वापरा.

कोंड्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. स्वस्त पडतो म्हणून कोंड्याचं प्रमाण ३०-४० टक्क्यांवर नेलं जातं, आणि दोन-तीन महिन्यांनी बोकड मुतताना कुंथायला लागतात, थेंब थेंब मुततात, पोटाला लाथा मारतात. हा मूतखडा. कोंड्यात मक्याच्या चौपट फॉस्फरस असतो आणि कॅल्शियम जेमतेम. खुराकात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुपटीच्या जवळ असायला हवं, म्हणून वर चुनखडी २ किलो धरली आहे. डायकॅल्शियम फॉस्फेट घालून हा तोल साधत नाही, त्यातून फॉस्फरसच आणखी जातो. भिंतीला लावायचा किंवा पानात खायचा चुनाही चालत नाही. ईदसाठी वाढवायच्या बोकडांना बरेच जण मिश्रणात अर्धा टक्का अमोनियम क्लोराइड घालतात, ते पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं करावं. पाणी आणि मीठ भरपूर मिळालं तर निम्मा धोका टळतो. खच्ची फार लहानपणी केलं तर मूत्रनलिका अरुंद राहते, हेही लक्षात असू द्या. कुंथणारं बोकड बद्धकोष्ठ समजून रेचक पाजत दोन दिवस घालवू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पावसाळ्यात मका आणि शेंगदाणा पेंडीला बुरशी लागते. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष भाजल्यानं किंवा उन्हात टाकल्यानं जात नाही. खवट वासाचं, हिरवट-काळ्या डागांचं पोतं करडांना नाहीच. पोती भिंतीपासून सुटी, लाकडी फळ्यांवर ठेवा आणि कोरडं मिश्रणही १५ दिवस पुरेल एवढंच करा.

किती आणि केव्हा

दहाव्या ते चौदाव्या दिवसापासून चिमूटभर ओळख. चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला करडामागे २० ग्रॅम, आणि मग दर तीन दिवसांनी १० ग्रॅम वाढ. या गतीनं ९० दिवसांच्या आसपास २०० ते २२० ग्रॅमवर पोचता, तिथेच थांबा. एकूण करडामागे ७ ते ८ किलो खुराक जातो. तुमच्या बाजारातला मिश्रणाचा भाव त्यावर लावून बघा, आणि जुळी-तिळी व्यालेल्या शेळ्यांची करडं आधी धरा, कारण खुराकाचं मोल सगळ्यात जास्त तिथेच मिळतं. पैदाशीसाठी ठेवायच्या पाठींना (मादी करडांना) दूध तुटल्यावर हा खुराक तसाच भरभरून चालू ठेवू नका, चरबी चढते.

माप डोळ्यांनी घेऊ नका. एक डबा घ्या, त्यात स्वतःचं मिश्रण भरून काट्यावर एकदा तोला आणि खूण करून ठेवा. कोंडा जास्त असलेलं मिश्रण हलकं, मका जास्त असलेलं जड, त्यामुळे मिश्रण बदललं की डबा पुन्हा तोलायचा.

वेळेबाबत: सकाळी करडं पिऊन झाली, शेळ्या रानात गेल्या, की पहिलं निम्मं माप. दुसरं निम्मं दुपारी तीन-चारच्या सुमारास. दुपारचा खुराक टाळू नका. दिवसभर उपाशी करडू संध्याकाळी शेळी आली की अधाशासारखं दूध ओढतं, आणि एवढं दूध एकदम पोटात गेलं तर आंत्रविषाराला तेही निमित्त पुरतं. मधल्या वेळेत पाला आणि भुसा समोर असावा. सुबाभूळ असेल तर एकूण पाल्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, त्यातल्या मिमोसिनमुळे केस गळतात.

खंड पडलाच, तर एका दिवसाच्या खंडानंतर निम्म्या मापानं, दोन किंवा जास्त दिवसांच्या खंडानंतर पाव मापानं सुरुवात करून चार-पाच दिवसांत पूर्ववत या. पोतं बदलताना जुनं-नवं मिसळून आठवडाभरात बदला, त्यासाठी जुनं पोतं पूर्ण संपायच्या आत नवं घरात असलं पाहिजे.

दूध तोडताना

करडू सलग तीन दिवस १५० ग्रॅमच्या वर खात असेल, रवंथ करताना दिसत असेल आणि वजन जन्मवजनाच्या तिपटीपलीकडे, उस्मानाबादीत साधारण ८ ते १० किलो, झालं असेल तरच दूध तोडा. ९० दिवस झाले म्हणून तोडू नका. आधी आठवडाभर दिवसातून एकदाच पाजा, नंतर शेळ्यांना दुसरीकडे हलवा. करडं त्यांच्या ओळखीच्या कप्प्यात, त्याच गव्हाणीशी राहू द्या. त्या पंधरवड्यात लस, जंतनाशक, खच्चीकरण, मिश्रणातला बदल, विक्रीसाठी वाहतूक यांतलं काहीही करू नका. करडाचं वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी पाजण्याआधी घ्या. दोन आठवडे लागोपाठ वाढ थांबलेली दिसली की ढाळ लागायची वाट न बघता लेंडीचा नमुना दवाखान्यात द्या.